पेठेतील रस्त्याची कड

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्हांस काही लिहावयास सांगितले, तेव्हा प्रथम मनात आला तो विषय धान्याच्या भावाचा. परंतु भावावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि स्मरणिका छापून हाती येईतो तो भाव शिळा झालेला असतो. म्हणून जिच्यावाचून आपल्यापैकी कोणाचेही दुकान एक दिवस चालत नाही आणि जिचा हिशेब कोणाच्याही खतावणीत सापडत नाही, अशा एका गोष्टीविषयी लिहावयाचे आम्ही ठरविले. ती गोष्ट म्हणजे दुकानाच्या पायरीपुढची रस्त्याची कड. दुकानाचे भाडे आपण देतो, वखारीचे देतो, हमाली, तोलाई, दलाली, विमा, वीज सर्व देतो. त्या पायरीपुढच्या अठरा फुटांचे काहीच देत नाही. आणि जे फुकट असते त्याची मोजदाद ठेवण्याची आपणांस सवय नाही.

आम्ही बेळगावच्या पेठेत वाढलो. आमच्या लहानपणी माल बैलगाडीतून येई. गाडी दुकानासमोर लागे, बैल सोडून बाजूस बांधले जात, हमाल पोती उतरीत, आणि गाडी रिकामी होताच गाडीवान बैल जुंपून निघून जाई. कारण बैलांना वैरण-पाणी पाहिजे व दिवस मावळण्याच्या आत गाव गाठावयाचे असे. गाडी उगाच उभी ठेवणे कोणासच परवडत नसे. वडील तर सायकलवरून पेठेत येत, आणि ती सायकल दुकानाच्या आत, तराजूच्या मागे भिंतीला टेकलेली असे. ती रस्त्यावर ठेवावी असे त्यांच्या मनातही आले नसेल.

मोटारीला वैरण लागत नाही. ती सकाळी उभी केली की रात्री दुकान वाढवीपर्यंत तशीच उभी राहते; भूक नाही, तहान नाही, तक्रार नाही. सारा घोटाळा येथूनच सुरू झाला. पेठेतील गल्ल्या बैलगाडीच्या काळी आखल्या गेल्या. त्यांची रुंदी आहे तितकीच राहिली. ज्या वाहनास थांबण्याचा कंटाळा नाही असे वाहन मात्र घरोघरी आले.

आता हिशेब पाहू. व्यापारी बांधवांस उलाढालीचे तत्त्व शिकविण्याची आवश्यकता नाही. वखारीत शंभर पोती मावतात म्हणजे वर्षाला शंभर पोत्यांचाच धंदा होतो असे नव्हे. माल महिन्याला फिरला तर तीच वखार बाराशे पोत्यांची होते, आणि एकच माल वर्षभर पडून राहिला तर ती शंभराची शंभरच राहते, वर घूस व किडा यांचे नुकसान वेगळे. रस्त्याच्या कडेलाही हेच तत्त्व लागू आहे. आमच्या दुकानापुढच्या अठरा फुटांत एक मोटार किंवा एक टेम्पो मावतो. सकाळी साडेनऊला लागलेली मोटार रात्री साडेआठला निघाली, तर त्या जागेने अकरा तासांत एका माणसाची सोय केली. तीच जागा माल भरावयास येणाऱ्या टेम्पोंना प्रत्येकी वीस मिनिटे दिली, तर अकरा तासांत तेहेतीस टेम्पो लागू शकतात. आमच्याकडे रोज तेहेतीस टेम्पो येत नाहीत हे आम्ही जाणतो. दहा जरी आले तरी एकास दहा हे प्रमाण झाले. आणि ती एक मोटार कोणाची असते? गिऱ्हाइकाची नसते. गिऱ्हाईक अकरा तास दुकानात बसत नाही. ती आमची असते, नाहीतर शेजाऱ्याची.

हे आम्हांस उशिरा कळले, आणि कळले तेव्हा त्याची किंमत देऊन झाली होती. खानापूरकडच्या एका खेड्यातील किराणा दुकानदार अनेक वर्षे आमच्याकडून तांदूळ, डाळ व गहू नेत असत. दर आठवड्यास एकदा स्वतःच्या लहान टेम्पोने यावयाचे, चहा घ्यावयाचा, मुलाबाळांची चौकशी करावयाची, माल भरून जावयाचे, असा परिपाठ. एके दिवशी त्यांना पेठेत तीन फेऱ्या मारूनही जागा मिळाली नाही. शेवटी त्यांनी टेम्पो रस्त्याच्या मध्येच लावला. माल अर्धा भरून झाला तोच दंड झाला, मागे वाहनांची रांग लागली आणि कोणी एकाने त्यांना अपशब्दही वापरला. ते आम्हांस काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यास आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. आम्ही फोन केला तेव्हा म्हणाले, "शेठ, तुमच्या मालात काही खोट नाही. पण हायवेवरच्या गोदामात टेम्पो दारात लागतो. वयही झालं आता." त्या दिवशी आमच्या दुकानापुढे तीन वाहने उभी होती : एक आमची स्कूटर, एक दिवाणजींची आणि एक शेजारच्या पेढीवरची मोटार. गिऱ्हाईक बाहेरच्या कोणी हिरावून नेले नव्हते.

गिऱ्हाइकाचे दुःख आपणांस लवकर जाणवते, कारण ते वहीत दिसते. दुसरे एक आहे ते वहीत दिसत नाही, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. दुकानापुढे जागा नसली म्हणजे टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लागतो. समजा, वखारीच्या दारापासून तो पाच मीटरवर लागावयाचा तो चाळीस मीटरवर लागला. अंतर वाढले पस्तीस मीटर. चाळीस पोती भरावयाची असतील तर हमालास पाठीवर ओझे घेऊन चौदाशे मीटर जास्त चालावे लागते आणि तेवढेच अंतर रिकामे परतावे लागते. पोते पन्नास किलोचे. म्हणजे एका टेम्पोमागे दोन टन माल एका माणसाच्या पाठीवरून पस्तीस मीटर अधिक हलला, तोही गटाराच्या फरशीवरून, उभ्या स्कूटरींच्या आरशांतून वाट काढीत. हमालीचा दर मात्र पोत्यावर ठरलेला आहे, अंतरावर नाही. दुकानापुढे दिवसभर उभ्या असलेल्या आमच्या स्कूटरीचे भाडे कोणीच देत नव्हते असे आम्ही वर म्हटले, ते चूक आहे. ते हमाल देत होते.

पावसाळ्यात आमच्याकडील एका वृद्ध हमालाचा पाय त्याच फरशीवर घसरला. गुडघा दुखावला, दोन महिने घरी बसावे लागले. औषधपाण्याचा खर्च आम्ही केला; तो करणे कर्तव्यच होते. परंतु मुकादम म्हणाला ते ऐकून आम्ही निरुत्तर झालो : "शेठ, खर्च द्या न द्या, तुमची गाडी जरा लांब लावा."

हा प्रश्न आपल्याच पेठेचा आहे असे मात्र समजू नये. जेथे जेथे बाजार आहे तेथे तेथे तो आहे, आणि पुष्कळ जुना आहे. प्राचीन रोमनगरीत ज्युलियस सीझरच्या काळी दिवसाच्या बहुतेक प्रहरांत चाकांच्या गाड्यांना नगरात मज्जाव करण्यात आला होता. माल रात्री येई. मोटारींच्या युगात या प्रश्नाला प्रथम तोंड दिले ते अमेरिकेने. त्या देशातील ओक्लाहोमा सिटी या शहरी अशीच स्थिती झाली होती : मध्यवस्तीतील कचेऱ्या-दुकानांत काम करणारे लोक सकाळीच मोटारी आणून लावीत आणि खरेदीस येणाऱ्यांना जागा उरत नसे. तेथील व्यापारी मंडळाने वाहतुकीच्या समितीवर कार्ल मॅगी नावाच्या एका वृत्तपत्र संपादकाची योजना केली. त्यांच्या कल्पनेतून नाणे टाकून वेळ विकत घेण्याचे यंत्र निघाले, आणि असे पहिले यंत्र १६ जुलै १९३५ रोजी त्या शहरात बसविले गेले. तासाला पाच सेंट असा दर होता. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, त्या यंत्रामागचा मूळ हेतू कर गोळा करण्याचा नव्हता. व्यापाऱ्यांच्या गिऱ्हाइकांस जागा मोकळी व्हावी हा होता, आणि मागणी व्यापाऱ्यांकडूनच आली होती. आज आपण 'पे अँड पार्क'चे नाव निघताच निवेदने घेऊन धावतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्याच देशातील पॅसडेना या शहराची हकीकत अधिक बोधप्रद आहे. तेथील जुना बाजारभाग पडीक झाला होता. नगरपालिकेने शुल्क-यंत्रे बसवावयाचे काढले तेव्हा दुकानदारांनी, आपण जसा घेऊ तसाच, आक्षेप घेतला : आधीच गिऱ्हाईक कमी, त्यात पैसे मागाल तर तेही जाईल. परंतु नगरपालिका व व्यापारी यांच्यात तोड निघाली. जमा होणारे उत्पन्न त्याच बाजारात खर्च करावयाचे, आणि कशावर खर्च करावयाचे याविषयी सल्ला देण्यास व्यापारी व घरमालक यांची समिती नेमावयाची. १९९३ साली यंत्रे लागली, तासाला एक डॉलर दराने. त्या उत्पन्नाच्या भरवशावर पन्नास लक्ष डॉलर कर्ज उभारून दिवे, झाडे, बाके आली. मागल्या घाण बोळांच्या चालण्याच्या वाटा झाल्या. दिवसभर जागा अडविणारे दुकानांतील नोकरलोक आपली वाहने दूर नेऊ लागले आणि जवळची जागा येत्या-जात्या गिऱ्हाइकास मिळू लागली. बाजार पुन्हा उभा राहिला.

तेथून जवळच लॉस एंजेलिस शहरात वेस्टवुड व्हिलेज नावाचा बाजार आहे. एके काळी तो पॅसडेनाच्या जुन्या बाजारापेक्षा पुष्कळ वरचढ होता. १९९४ साली तेथील व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून यंत्राचा दर एका डॉलरवरून अर्ध्यावर आणला गेला. गिऱ्हाईक वाढेल अशी अपेक्षा होती. झाले असे की, जागा सदैव भरलेल्या राहू लागल्या, आणि रस्ते व पदपथ यांच्या दुरुस्तीस पैसा राहिला नाही. या दोन बाजारांची तुलना डोनल्ड शूप या अध्यापकांनी केली. ते त्याच भागातील विद्यापीठात नगररचना शिकवीत. २००५ साली फुकट पार्किंगच्या खऱ्या खर्चावर त्यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला. २०२५ साली ते निवर्तले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : रस्त्याच्या कडेच्या दर सात-आठ जागांपैकी एखादी जागा नेहमी रिकामी राहील असा बेत असावा. जागा रिकामी ठेवणे म्हणजे ती वाया घालविणे नव्हे. आपण वखारीत थप्प्यांच्या मध्ये माणूस जाण्याइतकी वाट ठेवतो, ती काय वाया जाते? छतापर्यंत ठासून भरलेल्या वखारीतून एक पोतेही धड काढता येत नाही. जागा शोधीत फिरणाऱ्या मोटारी हीच मोठी गर्दी असते, असेही त्यांनी दाखविले. म्हणजे गल्लीत दिसणारी कित्येक वाहने कोठे जात नसून केवळ थांबावयास जागा पाहत असतात. आमचे खानापूरकडचे गृहस्थ त्या दिवशी तीन फेऱ्या मारीत होते, तेव्हा ते इतरांच्या दृष्टीने गर्दीच होते.

परदेशातील यंत्र जसेच्या तसे आणून आपल्या गल्लीत रोवावे असे आमचे म्हणणे नाही. आपल्याकडील अडचणी निराळ्या आहेत. आपल्याकडे मोटारींहून दुचाकी अधिक, पदपथ असलाच तर त्यावर आपलाच माल मांडलेला, कडेला भाजीवाल्या बायका, मध्ये हातगाडे. शिवाय वसुलीचा ठेका कोणास दिला की पावती एक आणि पैसे दुसरे, हा अनुभव बहुतेक शहरांत लोकांनी घेतलेला आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात, वाहन जी जमीन व्यापते तिच्या मोलाप्रमाणे शुल्क असावे, असे तत्त्व स्वच्छ मांडलेले आहे. परंतु तत्त्व मांडणे निराळे आणि गल्लीत आणणे निराळे. पुणे महानगरपालिकेने मार्च २०१८ मध्ये शुल्काचे धोरण मंजूर केले, त्यास एवढा विरोध झाला की ते प्रथम मोजक्या रस्त्यांपुरतेच करून पाहावयाचे ठरले. त्याच पुण्यात पेठांतील रस्त्यांवर सम तारखेस एका कडेला व विषम तारखेस दुसऱ्या कडेला वाहने लावण्याची चाल मात्र बऱ्याच वर्षांपासून लोकांच्या अंगवळणी पडली आहे. तिच्यात एक न्याय आहे : दोन्ही बाजूंच्या दुकानदारांस पाळीपाळीने मोकळी पायरी मिळते. दिल्लीच्या चांदणी चौकाची नवी रचना सप्टेंबर २०२१ मध्ये खुली झाली. तेथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार-वाहनांस बंदी ठरविण्यात आली, म्हणजे माल रात्री किंवा पहाटे आणावयाचा. किरकोळ कापडाच्या बाजारास ते चालू शकेल. धान्याच्या घाऊक पेठेला दिवसभर टेम्पो बंद हे परवडणारे नाही. खेड्यावरचा दुकानदार रात्री दहाला माल न्यावयास येणार नाही. असो.

मग आपल्या पेठेत काय करता येईल? आमच्या अल्पबुद्धीस सुचते ते असे. पैशाचा प्रश्न प्रथम काढूच नये. प्रथम कड कोणासाठी आणि कोणत्या वेळी, हे ठरवावे. पहाटे सहापासून साधारण दहापर्यंत मोठ्या मालाची उतराई व्हावी; त्या वेळी बहुतेक दुकाने उघडलेली नसतात आणि रस्ता मोकळा असतो. दहानंतर ठरावीक ठिकाणी, चार-पाच दुकानांत मिळून एक, अशी भराईची जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून घ्यावी. तेथे वीस मिनिटांहून अधिक कोणी थांबू नये. मालकही नाही, मालकाचा जावईही नाही. उरलेली कड येत्या-जात्या गिऱ्हाइकाच्या दुचाकीसाठी. रात्री दुकाने वाढल्यावर गल्लीत राहणाऱ्यांनी आपली वाहने लावावीत, त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. एकाच जागेचे दिवसातून तीन मालक झाले तर कोणाचेच अडत नाही.

पट्टे आखण्याचा व फलक लावण्याचा अधिकार आपला नाही, तो महानगरपालिकेचा व पोलिसांचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहने थांबविण्याच्या जागा ठरवून देण्याची तरतूद आहे. म्हणून संघाने रीतसर अर्ज करावा लागेल. परंतु "आम्हांस जागा द्या" एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. गल्लीचा नकाशा, दुकानांची संख्या, कोणत्या वेळी किती टेम्पो येतात व किती वेळ थांबतात याची आठवडाभराची नोंद, आणि कोणत्या जागा आखाव्यात हे सर्व जोडून दिले, तर अधिकाऱ्यासही नाकारणे अवघड जाते. ही नोंद करावयास तज्ज्ञ नकोत. प्रत्येक दुकानात एक हुशार मुलगा असतोच. वही आणि पेन्सिल पुरे. आणि एक सांगून ठेवतो : दुसऱ्या उभ्या वाहनाच्या बगलेस वाहन लावण्यास १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतच मनाई होती, त्या नियमांची जागा पुढे २०१७ च्या नियमांनी घेतली. आमच्या टेम्पोवाल्यास दंड झाला तो अन्याय नव्हता. अन्याय त्याला तेथे लावावयास भाग पाडणाऱ्यांचा होता.

शुल्काचा विचार नंतर, आणि पॅसडेनाच्या अटीवर. उत्पन्न पेठेच्या गटारांवर, दिव्यांवर, पदपथांवर व एखाद्या स्वच्छतागृहावर खर्च होईल असे लेखी मिळाले, आणि हिशेब संघाच्या फलकावर दरमहा लागला, तर आम्ही स्वतः पहिली पावती फाडू. तसे नसेल तर शुल्कास विरोध करणाऱ्यांच्या रांगेत आम्हीही उभे राहू. पैसा कोठे गेला हे न विचारणारा व्यापारी आम्ही पाहिलेला नाही.

संघाच्या गेल्या बैठकीत हा विषय आम्ही मांडला तेव्हा दोन आक्षेप निघाले. एका बंधूंनी विचारले, "आमचं दुकान, आमची पायरी, मग आमची गाडी का नको?" दुकान आपले आहे, पायरीही आपली आहे, पायरीच्या पुढला दगड मात्र सर्वांचा आहे, आणि त्यावर पहिला हक्क त्याचा ज्याच्या येण्यावर दुकान उभे आहे. दुसरा आक्षेप आमच्या पुतण्याचाच होता. तो म्हणाला, "काका, एवढा खटाटोप कशाला? हायवेला जागा घेऊ या." त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, आणि काही वर्षांनी कदाचित त्याचेच खरे ठरेल. परंतु सारी घाऊक दुकाने गाव सोडून गेली तर गल्लीतील हमाल, हातगाडीवाले, चहावाले, पोती शिवणारे, त्यांनी कोठे जावे? आठवड्याच्या बाजारास एस.टी.ने येऊन दहा-वीस किलो नेणाऱ्या गिऱ्हाइकास हायवेवर कोण नेणार? पुतण्याने यावर उत्तर दिले नाही. आम्ही ते मागितलेही नाही.

संघाच्या अर्जाचे काय होईल ते होवो. आमच्यापुरते आम्ही एक केले आहे. आमची स्कूटर आता गल्लीबाहेर एका स्नेह्याच्या अंगणात लागते, तेथून पेढीवर सात मिनिटे चालत येतो. दिवाणजी प्रथम कुरकुरले. आता तेही तेथेच लावतात. शेजारच्या पेढीवरची मोटार अद्याप हललेली नाही, परंतु शेजाऱ्यांचे थोरले चिरंजीव परवा त्या अंगणाविषयी चौकशी करून गेले. दुकानापुढे जी दहा-बारा फुटे मोकळी झाली तेथे लहान टेम्पो लागतो. गेल्या महिन्यात खानापूरकडच्या त्या गृहस्थांना आम्ही पुन्हा फोन केला आणि जागा आहे एवढेच सांगितले. त्यांनी दिवाळीच्या मालासाठी येऊन पाहतो असे म्हटले आहे.